विश्लेषण : जास्त गुण जिंकूनही पराभव... टेनिस खेळाडूच्या मनाची एवढी परीक्षा का घेते?

पॅरिसमध्ये ८ जून २०२५ रोजी झालेल्या फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात यानिक सिनरने १९३ गुण जिंकले आणि कार्लोस अल्कराझने १९२. करंडक मात्र अल्कराझने उचलला. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ असा पुढे होता आणि अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४० अशी स्थिती होती. विजेतेपदासाठी एक गुण हवा होता आणि तो मिळवण्याच्या लागोपाठ तीन संधी समोर होत्या. तिन्ही हुकल्या. पाच तास २९ मिनिटांच्या झुंजीनंतर अल्कराझने ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६ अशी बाजी मारली. अशा निकालानंतर आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : ‘तो डोक्यात हरला.’ गल्लीतल्या क्लबपासून समालोचकाच्या खोलीपर्यंत हे वाक्य फिरते. पण ते अर्धेच खरे आहे. टेनिसची गुणपद्धत, वेळेचे नियम आणि वर्षभराचे स्पर्धाचक्र यांची रचनाच अशी आहे, की खेळाडूच्या मनावर ताण यावा. त्या ताणाला तोंड देणे हे बॅकहँडइतकेच शिकण्याचे कौशल्य आहे. त्याकडे स्वभावदोष म्हणून पाहिल्याने सर्वाधिक नुकसान होते ते नुकत्याच रॅकेट धरू लागलेल्या मुलामुलींचे.

गुणांची बेरीज का चालत नाही?

फुटबॉलमध्ये जास्त गोल करणारा संघ जिंकतो, क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा. टेनिसमध्ये गुणांची एकूण बेरीज कुणी विचारत नाही. गुणांचे गेम होतात, गेमचे सेट होतात आणि प्रत्येक टप्प्यावर मागचे सगळे पुसले जाते. ६-० ने जिंकलेला सेट आणि टायब्रेकरमध्ये जेमतेम जिंकलेला सेट यांची किंमत सारखीच. त्यामुळे दोन खेळाडूंमध्ये फरक थोडा असला, तरी तो काही मोजक्या गुणांवर एकवटतो.

याचे गणित सोपे आहे. एखादा खेळाडू प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे असे धरले, तर तो गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के होते आणि सेट जिंकण्याची ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे वरवर एकतर्फी दिसणाऱ्या निकालामागेही हरणाऱ्याने जवळपास निम्मे गुण जिंकलेले असू शकतात. आणि जिंकणाऱ्याने जवळपास निम्मे गमावलेले! रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपलाच हिशेब मांडला होता. कारकीर्दीत १,५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकलेले. पण जिंकलेले गुण फक्त ५४ टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला दर दुसऱ्या गुणाला हार पचवावी लागली, तर इतरांची काय कथा?

हे पाहायला पुणेकरांना विम्बल्डनला जायची गरज नव्हती. बालेवाडीत २०१९ मध्ये झालेल्या एटीपी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे हरवले. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले, शेवटचा टायब्रेकर ७-५ असा सुटला. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी काही तास बिनतोड सर्व्हिस पाहिल्या. विजेता ठरला तो शेवटच्या दोन गुणांच्या फरकाने.

आघाडीवर असलेलाच जास्त का घाबरतो?

कबड्डीत शेवटच्या मिनिटाला चार गुणांनी पुढे असलेला संघ काय करतो? चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, फारसा धोका न पत्करता माघारी येतो आणि घड्याळ आपले काम करते. फुटबॉलमध्ये चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढता येतो. क्रिकेटमध्ये षटके संपतात. टेनिसमध्ये यातले काहीच नाही. आघाडी कितीही मोठी असो, शेवटचा गुण आघाडीवर असलेल्यालाच जिंकावा लागतो. तो गुण जिंकेपर्यंत समोरचा जिवंत असतो. मागे पडलेल्याला गमावण्यासारखे काही उरत नाही, तो मोकळेपणाने फटके मारू लागतो. पुढे असलेल्याच्या मनात मात्र करंडक, भाषण, घरच्यांचे चेहरे असे काय काय गर्दी करू लागते.

विम्बल्डनच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात फेडररने नोव्हाक जोकोविचपेक्षा १४ गुण जास्त जिंकले होते, २१८ विरुद्ध २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ अशी आघाडी होती आणि सर्व्हिस फेडररची. विजेतेपदाच्या दोन संधी, त्याही गवतावर, स्वतःच्या सर्व्हिसवर. सामना जोकोविचने जिंकला. गंमत म्हणजे त्याने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये आले होते. फेडररला कुणी डोक्याने कमकुवत म्हणणार नाही. मग हीच गोष्ट क्रमवारीत शंभराव्या स्थानावर असलेल्या खेळाडूच्या बाबतीत घडली की निदान एवढ्या झटपट कसे होते?

याना नोव्होत्नाला हे निदान आयुष्यभर चिकटले. विम्बल्डनच्या १९९३ च्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध निर्णायक सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. तो गुण मिळाला असता तर ५-१. तिथे डबल फॉल्ट झाला आणि त्यानंतर ग्राफने सलग पाच गेम जिंकून करंडक नेला. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी नोव्होत्ना जगाने पाहिली. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, तिने नताली तोझियाला हरवून हीच स्पर्धा जिंकली. २०१७ मध्ये तिचे निधन झाले. तरीही तिचे नाव निघाले की लोकांना आधी खांदा आठवतो, करंडक नंतर.

हात आखडतो म्हणजे नेमके काय होते?

दडपणाची भाषा आपण नेहमी मनाची म्हणून वापरतो, पण टेनिसमध्ये ते आधी शरीरात दिसते. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, खांदा आणि मनगट ताठरते. ताठरलेल्या मनगटातून रॅकेटचा वेग कमी निघतो. चेंडूला फिरकी कमी मिळते, तो जाळ्यात जातो किंवा अर्ध्या कोर्टातच पडतो. पाय आखूड पावले टाकू लागतात आणि चेंडूपर्यंत पोहोचायला तसूभर उशीर होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याने जपून खेळायचे ठरवले. प्रत्यक्षात खेळाडूने काहीही ठरवलेले नसते.

याला आणखी एक पदर आहे. हजारो वेळा मारून अंगवळणी पडलेला फटका विचार न करता मारला जातो. दडपणाखाली खेळाडू त्याच फटक्यावर लक्ष ठेवू लागतो : कोपर वर आहे ना, चेंडू नीट उडवला ना? जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे टाकायचे याचा विचार करू लागलो तर आपण अडखळतो, तसेच हे. क्रीडामानसशास्त्रात यावर १९८० च्या दशकापासून बरेच संशोधन झाले आहे. त्याआधीही, १९७४ मध्ये, अमेरिकी प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांनी ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात सतत सूचना देणारे मन आणि फटका मारणारे शरीर यांच्यातील भांडणाची मांडणी केली होती. हे पुस्तक आज टेनिसबाहेरच्या खेळांतही वाचले जाते.

सर्वांत आधी बिघडते ती दुसरी सर्व्हिस. टेनिसमधला हा एकमेव फटका, ज्याच्या आधी चेंडू खेळाडूच्या स्वतःच्या हातात असतो. समोरून येणाऱ्या चेंडूला उत्तर देताना विचाराला वेळच मिळत नाही. सर्व्हिसच्या वेळी तो भरपूर मिळतो. चेंडू हवेत उडवणारा हात किंचित थरथरला तरी पुढचे सगळे गणित चुकते.

दोन गुणांमधल्या २५ सेकंदांत काय घडते?

टेनिसच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो एकूण वेळेचा लहानसा भाग. उरलेल्या वेळेत खेळाडू चालतो, टॉवेल घेतो, चेंडू निवडतो, बसतो. नियमानुसार एका गुणानंतर पुढची सर्व्हिस २५ सेकंदांत करावी लागते, बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात आणि सेट संपल्यावर १२०. तीन तासांच्या सामन्यात खेळाडू बराचसा वेळ स्वतःशी बोलत असतो. सामना बिघडतो तो याच वेळेत, आणि दुरुस्तही होतो तो इथेच.

अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी १९८० च्या दशकात अव्वल खेळाडूंच्या चित्रफिती पाहिल्या. फटक्यांमध्ये त्यांना फार फरक दिसेना; फरक दिसला तो दोन गुणांमधल्या वागण्यात. त्यावरून त्यांनी १६ सेकंदांचा क्रम बांधला. गुण गेला तरी चेहरा आणि खांदे पडू द्यायचे नाहीत. मग श्वासाने आणि चालण्याने नाडी खाली आणायची. मग पुढच्या गुणाचा एकच निर्णय घ्यायचा, सर्व्हिस कुठे किंवा परतीचा फटका कुठे. आणि शेवटी ठरलेली सवय : तीनदा चेंडू टप्पी, रॅकेटच्या तारा नीट करणे, जे काही असेल ते. राफेल नदालच्या पाण्याच्या बाटल्या, नाकाला आणि कानाला लावलेला हात यांची टिंगल आपण सगळ्यांनीच केली आहे. पण ते त्याचे कुंपण होते. त्या कुंपणाच्या आत मागचा गुण येऊ शकत नव्हता.

जोकोविचची तऱ्हा वेगळी. २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात प्रेक्षक फेडररच्या बाजूने होते. ‘रॉजर, रॉजर’ असा घोष सुरू असताना आपण तो ‘नोव्हाक, नोव्हाक’ असा ऐकत होतो, असे त्याने सामन्यानंतर सांगितले. ऐकायला विनोदी वाटते, पण यामागे वर्षानुवर्षांचा श्वासाचा आणि ध्यानाचा सराव आहे. मनाची ताकद ही आपल्याला मिळालेली देणगी नाही, ती सरावातून आली, असे तो अनेकदा सांगतो. मनात शंका येतच नाहीत असा त्याचा दावा नाही. त्या आल्यावर त्यांच्यापाशी किती वेळ थांबायचे, एवढेच तो शिकला. पॅरिसमधल्या तीन हुकलेल्या संधींनंतर पाचच आठवड्यांनी सिनरने विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच अल्कराझला चार सेटमध्ये हरवले, तेही पहिला सेट गमावून.

कणखर कोण आणि कमकुवत कोण?

‘मोठे खेळाडू मोठ्या गुणांवर वेगळेच खेळतात’ हे टेनिसमधले आवडते गृहीतक. नेदरलँड्सचे अर्थमितीतज्ज्ञ फ्रँक क्लासेन आणि यान माग्नुस यांनी १९९२ ते १९९५ या चार वर्षांतील विम्बल्डनच्या सुमारे ९० हजार गुणांवर ते तपासले. त्यांचा निष्कर्ष असा : महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याला जिंकणे थोडे अवघड जाते आणि आधीचा गुण जिंकल्याचा पुढच्या गुणावर थोडा चांगला परिणाम होतो. म्हणजे मनाचा परिणाम आहे. पण तो आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान आहे, आणि खेळाडू जितका दुबळा तितका तो मोठा.

यातला शेवटचा मुद्दा नीट पाहायला हवा. चांगल्या खेळाडूचे वेगळेपण हे, की मोठ्या गुणावर त्याचा खेळ फारसा बदलत नाही. तो काही चमत्कार करत नाही; तो नेहमीचेच करतो. आणि नेहमीचे करता येण्यासाठी ते नेहमीचे भक्कम असावे लागते. म्हणूनच ‘मानसिक’ वाटणारी अडचण कधी कधी चक्क तांत्रिक निघते.

अरिना सबालेन्काचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. २०२२ च्या हंगामात तिच्या सर्व्हिसचा पार बोजवारा उडाला. वर्षभरात चारशेहून अधिक डबल फॉल्ट झाले. अॅडलेडमध्ये एका सामन्यात तर ती खालून सर्व्हिस करू लागली. सगळ्यांचे मत एकच होते, हिच्या डोक्यात गोंधळ आहे. पुढे तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाकडून सर्व्हिसची क्रिया मुळापासून बदलून घेतली. ज्या मानसशास्त्रज्ञाबरोबर ती काम करत होती ते कामही तिने थांबवले, आपल्या भावना आपणच हाताळायच्या असे ठरवून. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनची विजेती होती. याच्या अगदी उलट वाट इगा श्वीऑनटेकची. मानसशास्त्रज्ञ डारिया अब्रामोविच तिच्या संघात कायम असतात आणि स्पर्धांना बरोबर प्रवास करतात. २०२० मध्ये १९ व्या वर्षी, क्रमवारीत ५४ वी असताना, श्वीऑनटेकने एकही सेट न गमावता फ्रेंच स्पर्धा जिंकली. दोन्ही वाटा बरोबर. चूक होते ती तपासणी न करताच औषध देण्यात.

दर आठवड्याला हरण्याचा हिशेब

हे झाले कोर्टाच्या चौकटीतले. ग्रँडस्लॅममध्ये एकेरीत १२८ जण उतरतात आणि १२७ जण हरून घरी जातात, त्यातले ६४ पहिल्याच फेरीत. लहान स्पर्धांतही हेच प्रमाण. टेनिसपटूची नोकरी म्हणजे जवळपास दर आठवड्याला हरणे आणि सोमवारी दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात करणे. त्यात क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांवर चालते. गेल्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा तिथे ते गुण ‘राखायचे’ असतात. जिंकलेली गोष्टही वर्षभरात कर्ज होऊन परत येते!

भारतीय खेळाडूंसाठी हे चक्र आणखी कठोर आहे. खालच्या स्तरावरील स्पर्धांसाठी मोनास्तिर, अंताल्या, शर्म अल शेख अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे एकाच हॉटेलात राहायचे. १५ हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा जिंकली तरी एकेरीच्या विजेत्याच्या हाती दोन हजार डॉलरच्या आसपासच येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागल एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता. वर्षभर जगभर खेळल्यानंतर आपल्या बँक खात्यात ९०० युरो उरले आहेत, असे त्याने तेव्हा सांगितले. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या फेरीत त्याने ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँडस्लॅम एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही १९८९ नंतरची पहिलीच वेळ. त्या सामन्यात नागल ब्रेकपॉइंटवर उभा असताना त्याच्या मनात काय काय असेल? विमानाचे तिकीट आणि प्रशिक्षकाची फी ज्या गुणावर अवलंबून आहे, त्या गुणावर ‘फक्त चेंडूकडे पाहा’ हा सल्ला देणे फार सोपे असते.

दुहेरीत निदान बोलायला माणूस असतो. हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावला, मग ६-३ आणि १०-४ असे जिंकून सुवर्णपदक मिळवले. पहिल्या सेटनंतर सावरणे दोघांना मिळून करता आले. एकेरीत ते एकट्याने, तोंड मिटून करायचे.

आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. महिला टेनिसची संघटना डब्ल्यूटीए आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ या वर्षासाठी केलेल्या पाहणीत ४५८ खेळाडूंना उद्देशून लिहिलेले सुमारे आठ हजार शिवीगाळीचे, धमक्यांचे संदेश आढळले. त्यातले ४० टक्के पैजेत पैसे गमावलेल्यांचे होते. लक्षात घ्या, टेनिसमध्ये पैज निव्वळ सामन्यावर नव्हे, सेटवर, गेमवर, अगदी एकेका गुणावरही लागते. डबल फॉल्ट झाल्यावर खेळाडूला आई आठवते, त्याच क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तिच्या आईला शिवी टंकत असतो. आणि ही थेट गुणांची माहिती पैज कंपन्यांना विकते कोण? टेनिसच्याच संघटना. २०१८ मध्ये टेनिसने स्वतः नेमलेल्या स्वतंत्र समितीने खालच्या स्तरावरील या विक्रीवर बोट ठेवले होते. खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचे फलक लावणाऱ्यांनी आधी आपल्या जमाखर्चाची ही बाजू पाहावी.

दंड आणि विश्रांती

नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच स्पर्धेआधी जाहीर केले, की मानसिक स्वास्थ्यासाठी आपण पत्रकार परिषदांना बसणार नाही. पहिल्या सामन्यानंतर तिला १५ हजार डॉलरचा दंड झाला आणि चारही ग्रँडस्लॅमच्या आयोजकांनी पुढील कारवाईचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी तिने माघार घेतली आणि २०१८ ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकल्यापासून आपण नैराश्याशी झगडत असल्याचे सांगितले. पराभवानंतर नैराश्य आले तर आपल्याला समजते. विजयानंतर आलेले समजत नाही. त्याआधी, २०१२ मध्ये, अमेरिकेचा मार्डी फिश अमेरिकन खुल्या स्पर्धेत फेडररविरुद्धच्या चौथ्या फेरीच्या सामन्याला उतरलाच नाही. त्याला चिंताविकाराचे झटके येत होते. गुडघा दुखावला असता तर त्याला कुणी प्रश्न विचारला नसता.

तेव्हापासून थोडे बदलले आहे. अमांडा अॅनिसिमोवाने मे २०२३ मध्ये मानसिक थकव्याचे कारण सांगून खेळ थांबवला. काही महिने ती रॅकेटपासून दूर राहिली, पुढच्या वर्षी परतली आणि २०२५ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचली. तिथे श्वीऑनटेकने तिला ५७ मिनिटांत ६-०, ६-० असे हरवले. याहून जाहीर मानहानी या खेळात नाही. दोन महिन्यांच्या आतच अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा श्वीऑनटेकच समोर आली. अॅनिसिमोवाने आदल्या रात्री विम्बल्डनच्या त्या सामन्याची चित्रफीत पाहिली, काय टाळायचे ते शोधण्यासाठी. आणि सामना ६-४, ६-३ असा जिंकला.

नियमांनी काही साधते का?

साधते. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १३ व्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये आली आणि १८ व्या वर्षाच्या आतच खेळापासून दूर गेली. त्यानंतर डब्ल्यूटीएने १९९५ पासून किशोरवयीन मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा घातली. ‘मन घट्ट कर’ असे मुलींना सांगण्याऐवजी वेळापत्रक बदलले गेले, हे महत्त्वाचे. आता १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार प्रेक्षागारातून प्रशिक्षकाला सल्ला देता येतो. एकेकाळी हाच गुन्हा होता. २०१८ च्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सचा पंचांशी झालेला वाद यावरूनच पेटला. बदल स्वागतार्ह आहे. फक्त त्याचा फायदा प्रशिक्षकाला बरोबर घेऊन फिरणे परवडणाऱ्यांनाच आहे. मोनास्तिरमध्ये एकट्याने उतरलेल्या मुलाच्या मागची खुर्ची रिकामीच राहणार.

आपल्याकडील मुलांचे काय?

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा सगळ्याच ठिकाणी १२ आणि १४ वर्षांखालील स्पर्धांच्या आठवड्यात दिसणारे दृश्य एकच असते. कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभे असलेले पालक, आणि प्रत्येक चुकीनंतर बापाच्या चेहऱ्याकडे पाहणारे पोर. ‘खेळ आहे हो, पण डोकं नाही’ हे वाक्य त्या मुलासमोरच बोलले जाते. ज्या २५ सेकंदांत त्याने श्वास घ्यायचा, त्या २५ सेकंदांत ते जाळीकडे पाहते. पालकांनी तिथून चार पावले मागे सरकून बसणे हा या वयातला सर्वांत स्वस्त क्रीडामानसशास्त्रीय उपाय असावा.

प्रशिक्षणातही एक उणीव उघड दिसते. आपल्याकडे मुले टोपलीभर चेंडू मारतात, तासन् तास. त्यातला एकही चेंडू ४-५, ३०-४० वर मारलेला नसतो. रोजच्या सरावाचा शेवट एका टायब्रेकरने करणे, दुसरी सर्व्हिस चुकली तर गुण जाईल असा खेळ लावणे, प्रत्येक गुणानंतर पाठ वळवून मागच्या रेषेपर्यंत चालत जाण्याची सवय लावणे, याला पैसे लागत नाहीत. मूल झोपेतून दचकत असेल, स्पर्धेच्या दिवशी पोट बिघडत असेल, रॅकेट हातात घ्यायलाच नको म्हणत असेल, तर मात्र घरगुती उपाय पुरेसे नाहीत; तिथे तज्ज्ञाकडे जावे, जसे आपण खांदा दुखल्यावर जातो.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. लहान गटांच्या बऱ्याच सामन्यांना खुर्चीवर पंच नसतो; चेंडू आत की बाहेर हे मुलांनीच ठरवायचे असते. १२ वर्षांच्या मुलीला टायब्रेकरमध्ये ५-६ अशी पिछाडी असताना रेषेला चाटून गेलेला चेंडू ‘आत’ असे स्वतःविरुद्ध सांगायचे असते. समोरची ओरडते, दोन्हीकडचे पालक कुजबुजतात, आणि दुसऱ्या कोर्टवर असलेला पंच येईपर्यंत तिला तिथे एकटीनेच उभे राहावे लागते. विम्बल्डनमध्ये २०२५ पासून हा निर्णय यंत्र देते.